बोगद्यातून मोकळ्या जागेकडे : ओपन एमआरआय तपासणीची वाटचाल

कोणत्याही संस्थेच्या अथवा विद्येच्या आयुष्यात पन्नास वर्षांचा टप्पा हा जमाखर्च मांडण्याचा टप्पा असतो. मानवी शरीराच्या आतील मृदू भागांचे चित्र चुंबकाच्या साहाय्याने काढण्याच्या विद्येलाही आता अर्धशतक उलटून गेले आहे. सन १९७३ मध्ये या पद्धतीने काढलेले पहिले चित्र प्रसिद्ध झाले, ते कोणा मनुष्याचे नव्हते. पाण्याने भरलेल्या दोन बारीक नळ्यांचे होते. आज तीच विद्या तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचली असून ‘एमआरआय’ हा शब्द घरोघरी परिचित झाला आहे.

तथापि या शब्दापाठोपाठ दुसराही एक शब्द घरात येतो, तो म्हणजे ‘बोगदा’. मेंदूचा, पाठीच्या कण्याचा वा गुडघ्याचा एमआरआय करण्यास डॉक्टरांनी सांगितले, की रुग्णाच्या मनात आजाराइतकीच भीती त्या अरुंद नळकांड्याची निर्माण होते. अनेक ज्येष्ठ मंडळी या भीतीपायी तपासणी लांबणीवर टाकतात आणि निदानाचा मोलाचा काळ वाया जातो. अशा रुग्णांना अलीकडे ‘ओपन एमआरआय’चा पर्याय सुचविला जातो. हे खुले यंत्र कसे आले, ते रुग्णाला काय देते, काय देऊ शकत नाही आणि तपासणीस जाताना कोणती तयारी असावी, याचा आढावा घेणे उपयुक्त ठरेल. या इतिहासातून एक गोष्ट प्रामुख्याने दिसून येते : प्रारंभी यंत्राचा आकार चुंबकाच्या सोयीने ठरला, त्यात पडून राहणाऱ्या माणसाची सोय विचारात यायला पुढे बराच काळ जावा लागला.

चुंबक आणि पाण्याचा कण

सन १८९५ मध्ये राँटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला आणि हाडांचे चित्र मिळू लागले. परंतु मेंदू, मज्जारज्जू, स्नायू, मणक्यांमधील चकत्या हे मृदू भाग क्ष-किरणांच्या साध्या छायाचित्रात फारसे उमटत नाहीत. ती उणीव भरून काढणारी विद्या रुग्णालयात नव्हे, तर पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत जन्मास आली.

आपल्या शरीराचा निम्म्याहून अधिक भाग पाणी आहे आणि पाण्याच्या प्रत्येक कणात हायड्रोजनचे दोन अणू असतात. या अणूचे केंद्रक एखाद्या सूक्ष्म चुंबकसूचीप्रमाणे वागते. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात या असंख्य सूचींचा कल त्या क्षेत्राच्या दिशेने होतो. नेमक्या कंपनसंख्येच्या रेडिओ लहरी सोडल्या, की त्या विचलित होतात आणि लहरी थांबताच पूर्वस्थितीवर येताना स्वतः एक क्षीण संदेश देतात. निरनिराळ्या भागांतील पाणी निरनिराळ्या वेगाने पूर्वस्थितीवर येते. या संदेशांची नोंद करून, संगणकाच्या साहाय्याने त्यांची मांडणी केली म्हणजे चित्र तयार होते. यात क्ष-किरणांचा वापर मुळीच होत नाही.

अणुकेंद्रकाचा हा गुण अमेरिकेतील इसिडॉर राबी यांनी १९३८ च्या सुमारास रेणूंच्या झोतावर प्रयोग करून मोजला. त्यांना १९४४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९४६ साली स्टॅनफर्ड येथे फेलिक्स ब्लॉख यांनी पाण्यात, तर हार्वर्ड येथे एडवर्ड पर्सेल यांनी मेणात हाच संदेश पकडला. त्या दोघांना १९५२ चे नोबेल विभागून देण्यात आले.

या विद्येच्या बाल्यावस्थेत भारतीयांचाही हात होता, ही गोष्ट अभिमानाने नमूद करावयास हवी. बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेत जी. सूर्यन यांनी १९५१ मध्ये वाहत्या द्रवावर हा प्रयोग केला. आज शरीरातील रक्तप्रवाहाचे जे चित्र एमआरआयवर मिळते, त्या कल्पनेचे मूळ अशा प्रयोगांत आहे. त्याच वर्षी स्टॅनफर्ड येथील एस. एस. धर्मट्टी यांच्या सहभागाने झालेल्या प्रसिद्ध प्रयोगात, एकाच रेणूतील वेगवेगळे हायड्रोजन अणू वेगवेगळे संदेश देतात, असे दिसून आले. पुढे धर्मट्टी यांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या विषयाचा पाया घातला.

प्रयोगशाळेतून रुग्णाकडे

सुमारे पंचवीस वर्षे ही विद्या रसायनशास्त्रज्ञांच्याच हाती राहिली. १९७१ साली अमेरिकन डॉक्टर रेमंड डमाडियन यांनी उंदरांच्या पेशीजालावर प्रयोग करून, कर्करोगाच्या गाठीचा संदेश निरोगी भागाच्या संदेशाहून निराळा असतो, असे प्रसिद्ध केले. परंतु संदेश शरीराच्या नेमक्या कोणत्या ठिकाणाहून आला हे कळल्याखेरीज चित्र तयार होत नाही. ते कोडे पॉल लाऊटरबर यांनी सोडविले. चुंबकीय क्षेत्र सर्वत्र सारखे न ठेवता एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे क्रमाने वाढते ठेवावे, म्हणजे प्रत्येक स्थानाचा संदेश निराळ्या कंपनसंख्येचा येईल, ही त्यांची कल्पना. त्यांचा निबंध ‘नेचर’ या नियतकालिकाने प्रथम नाकारला होता. तोच पुढे १९७३ मध्ये तेथेच प्रसिद्ध झाला. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे पीटर मॅन्सफिल्ड यांनी हीच कल्पना स्वतंत्रपणे विकसित करून चित्र अतिशय जलद मिळविण्याचे गणित मांडले.

यानंतर या यंत्रात मनुष्य शिरला. ३ जुलै १९७७ रोजी डमाडियन यांच्या ‘इंडॉमिटेबल’ नावाच्या यंत्रात मानवी छातीचे पहिले चित्र मिळाले. डमाडियन प्रथम स्वतःच आत बसले होते. परंतु त्यांच्या स्थूल देहामुळे संदेश मिळेना, म्हणून लॅरी मिन्कॉफ या सडपातळ सहकाऱ्यास बसविण्यात आले. एका ओबडधोबड चित्रासाठी त्यांना जवळजवळ पाच तास स्थिर राहावे लागले. दुसऱ्या वर्षी मॅन्सफिल्ड हे धोक्याची सूचना मिळाली असतानाही आपल्या यंत्रात स्वतः शिरले व त्यांनी आपल्या पोटाचे चित्र काढून घेतले. आज रुग्ण निर्धास्तपणे पाऊण तास पडून राहतो, त्यामागे स्वतःवर प्रयोग करून घेणाऱ्या या मंडळींचे धैर्य आहे.

ऑगस्ट १९८० मध्ये स्कॉटलंडमधील ॲबरडीन येथे जॉन मॅलार्ड यांच्या चमूने निदानास खरोखर उपयोगी पडेल असे एका रुग्णाचे चित्र काढले. त्याच वर्षी डमाडियन यांच्या कंपनीने विक्रीसाठी पहिले यंत्र बाजारात आणले. पूर्वी या विद्येच्या नावात ‘केंद्रकीय’ हा शब्द होता. त्यामुळे लोकांना अणुबाँबची आठवण होत असे, म्हणून १९८० च्या दशकात तो गळून पडला. २००३ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल लाऊटरबर व मॅन्सफिल्ड यांना मिळाले. डमाडियन यांचे नाव वगळले गेले आणि त्यांनी वृत्तपत्रांत पूर्ण पानाच्या जाहिराती देऊन जाहीर निषेध नोंदविला. तिघेही आज हयात नाहीत.

बोगदा का निर्माण झाला?

चित्र जितके सूक्ष्म व स्वच्छ हवे, तितके चुंबक प्रबळ आणि त्याचे क्षेत्र एकसारखे हवे. तारेच्या वेटोळ्यातून वीजप्रवाह सोडला, की वेटोळ्याच्या पोकळीत चुंबकीय क्षेत्र निर्माण होते आणि ते लांब नळकांड्याच्या मध्यभागी सर्वांत एकसारखे असते. निओबियम व टायटेनियम यांच्या मिश्रधातूची तार द्रवरूप हेलियममध्ये, म्हणजे शून्याखाली सुमारे २६९ अंश सेल्सिअसपर्यंत थंड ठेवली, की तिचा विद्युतरोध नाहीसा होतो व एकदा सोडलेला प्रवाह अखंड फिरत राहतो. १९८० च्या दशकात १.५ टेस्ला शक्तीची अशी यंत्रे रुग्णालयांत आली. पृथ्वीच्या चुंबकत्वाशी तुलना केल्यास ही शक्ती सुमारे तीस हजार पट होते.

अशा रीतीने चुंबकाच्या दृष्टीने नळकांडे हाच आदर्श आकार ठरला. त्याच्या आत उपकरणांचे आणखी थर बसविल्यावर माणसासाठी उरलेली पोकळी साधारण ६० सेंटिमीटर व्यासाची असे आणि प्रारंभीची नळकांडी लांबीलाही मोठी होती. चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर छत, दोन्ही कोपरांना भिंतीचा स्पर्श, कानांवर हातोड्याचे घाव पडल्यासारखा आवाज आणि ‘हलू नका’ अशी सूचना! यंत्रात काहीही बिघाड नसताना तपासणी अर्धवट राहण्याचे प्रसंग येऊ लागले. भीतीमुळे तपासणी पूर्ण न होणाऱ्या अथवा गुंगीचे औषध द्यावे लागणाऱ्या रुग्णांचे प्रमाण निरनिराळ्या पाहण्यांत शेकडा १ पासून सुमारे १५ पर्यंत आढळले आहे. लहान मुले, स्थूल व्यक्ती, दम्याचे रुग्ण, पाठ वाकलेले वृद्ध यांची अडचण निराळीच. तंत्रज्ञानाने शरीराच्या आतील सारे पाहिले. परंतु शरीर धारण करणाऱ्या माणसाकडे पाहणे राहून गेले होते.

खुल्या यंत्राचा उदय

खुल्या यंत्राची वाट एका निराळ्या शोधाने सुकर केली. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी जपानमध्ये मासातो सागावा यांनी आणि अमेरिकेत जनरल मोटर्सच्या संशोधकांनी, परस्परांपासून स्वतंत्रपणे, निओडिमियम, लोह व बोरॉन यांपासून अत्यंत शक्तिमान कायम चुंबक तयार केला. अशा चुंबकास ना वीजप्रवाह लागतो, ना हेलियम. त्याच्या दोन जाड चकत्या एक वर व एक खाली, अशा लोखंडी चौकटीत बसविल्या, की त्यांच्यामधील जागेत चित्र काढण्यायोग्य क्षेत्र मिळते. जात्याच्या दोन तळ्यांमध्ये अंतर ठेवले असता जी रचना दिसेल, साधारण तशीच ही रचना. वरचा भाग एक-दोन खांबांवर तोललेला असतो आणि बाजू मोकळ्या राहतात.

१९९३ च्या सुमारास सीमेन्स कंपनीचे ०.२ टेस्लाचे, इंग्रजी ‘सी’ अक्षराच्या आकाराचे खुले यंत्र आले; ते मात्र विजेवर चालणाऱ्या चुंबकाचे होते. त्या दशकाच्या मध्यास जपानच्या हिताची कंपनीचे ०.३ टेस्लाचे कायम चुंबकाचे ‘एअरिस’ यंत्र प्रसिद्धीस आले. अशा यंत्राचे वजन दहा टनांच्याही पुढे जाऊ शकते. परंतु हेलियमचा खर्च नाही आणि विजेचे बिलही कमी. त्यामुळे लहान शहरांतील निदान केंद्रांना ते परवडू लागले.

१९९४ साली बोस्टनच्या ब्रिगम अँड विमेन्स रुग्णालयात याहून वेगळे यंत्र बसविण्यात आले. दोन कड्यांच्या आकाराचे चुंबक शेजारीशेजारी उभे आणि मधल्या फटीत शल्यविशारद उभे राहून, पडद्यावरील ताजे चित्र पाहत शस्त्रक्रिया करीत. खुलेपणा हा केवळ रुग्णाच्या मनाची सोय नसून उपचाराचेही साधन होऊ शकतो, हे त्यामुळे सिद्ध झाले. पुढे रुग्णास बसवून किंवा उभे करून मणक्याचे चित्र घेणारी यंत्रेही निघाली. काही रुग्णांना भार पडल्यावरच कंबर दुखते, आडवे झाल्यावर नाही. त्यांच्यासाठी ही सोय झाली.

नळकांड्याच्या यंत्रांनीही या स्पर्धेतून बोध घेतला. २००४ च्या सुमारास ७० सेंटिमीटर व्यासाचे आणि लांबीला आखूड असे १.५ टेस्लाचे यंत्र आले, तर २०२० मध्ये ८० सेंटिमीटर व्यासाचे ०.५५ टेस्लाचे यंत्र जाहीर झाले. त्याच वर्षी रुग्णाच्या खाटेपाशी ढकलत नेता येईल असे ०.०६४ टेस्लाचे, केवळ डोक्यासाठीचे यंत्र अमेरिकेत मान्यता पावले. खुल्या यंत्रांची शक्तीही १ ते १.२ टेस्लापर्यंत वाढली. म्हणून आज ‘ओपन’ आणि ‘बंद’ अशी दोनच टोके राहिलेली नसून मधले अनेक पर्याय उपलब्ध आहेत.

खुलेपणाची किंमत

व्यवहारात कोणतीही सवलत फुकट मिळत नाही. चुंबक दुर्बल म्हणजे संदेश क्षीण, आणि क्षीण संदेशातून स्वच्छ चित्र मिळवावयाचे तर मोजणी पुन्हा पुन्हा करावी लागते. म्हणून ०.२ ते ०.३ टेस्लाच्या खुल्या यंत्रात तपासणीस सामान्यतः अधिक वेळ लागतो. गुडघा, खांदा, कंबरेचे मणके, मेंदूतील ठळक दोष यांसाठी असे चित्र पुष्कळदा पुरेसे ठरते. परंतु सूक्ष्म रक्तवाहिन्या, मेंदूतील अगदी लहान गाठी, हृदयाची हालचाल, स्तनांची तपासणी अशा कामी प्रबळ यंत्रच सरस होय. उलट शरीरात धातूचा सांधा किंवा स्क्रू असल्यास चित्रात येणारी विकृती कमी शक्तीच्या यंत्रात कमी दिसते, हा खुल्या यंत्राचा एक लाभही आहे.

दुसरी गोष्ट अशी, की ‘ओपन’ या शब्दाने पूर्ण मोकळ्या आकाशाची अपेक्षा बाळगू नये. बाजू मोकळ्या असतात. डोक्यावर चकती असतेच. दोन चकत्यांमधील उभे अंतर साधारण ४० ते ४५ सेंटिमीटर असते. रुंद बांध्याच्या रुग्णास बाजूंची मोकळीक मिळते. परंतु ज्याचे पोट फार उंच येते त्यास ही जागाही अपुरी पडू शकते. गुडघ्याच्या तपासणीत डोके बहुधा यंत्राबाहेर राहते. मेंदूच्या वा मानेच्या तपासणीत मात्र डोके चकतीखाली मध्यभागी येते आणि त्याभोवती पिंजऱ्यासारखे साधन बसविले जाते.

२०११ मध्ये बर्लिन येथील एका अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बंद जागेची भीती बाळगणाऱ्या १७४ रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी करून, एका गटाची तपासणी आखूड बोगद्याच्या व दुसऱ्याची १ टेस्लाच्या खुल्या यंत्रात करण्यात आली. भीतीचा त्रास पहिल्या गटात शेकडा ३९, तर दुसऱ्यात शेकडा २६ रुग्णांना झाला. फरक दिसला, पण निर्णायक म्हणण्याइतका नव्हता. तात्पर्य, यंत्र मोकळे केल्याने भीती कमी होऊ शकते, नाहीशी होतेच असे नाही. उरलेले काम रुग्णाची तयारी, तंत्रज्ञाचा शब्द आणि सोबतच्या माणसाचा आधार यांनीच करावयाचे असते.

तपासणीपूर्वीची तयारी

तपासणीपूर्वी एक प्रश्नावली भरून घेतली जाते. ती सहीपुरती न भरता नीट वाचून भरावी. हृदयाचा पेसमेकर, मेंदूच्या रक्तवाहिनीवरील क्लिप, कानात बसविलेले श्रवणयंत्र, पूर्वीच्या शस्त्रक्रियेतील धातू, गर्भावस्था, मूत्रपिंडाचा विकार यांची माहिती लपवू नये. लेथ अथवा वेल्डिंगच्या कामात डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला असल्यास तेही सांगावे. ‘ओपन यंत्र सौम्य असते, पेसमेकर चालतो’ असा समज कोणी करून घेऊ नये. ०.३ टेस्ला हे क्षेत्रही पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या काही हजार पट आहे. पेसमेकरचा प्रकार कोणता यावर डॉक्टरच निर्णय घेतात. त्याचे कार्ड सोबत न्यावे.

सामान्यतः या तपासणीसाठी उपाशी राहावे लागत नाही व नेहमीची औषधे चालू ठेवावयाची असतात. पोटाच्या काही तपासण्यांपूर्वी किंवा गुंगीचे औषध द्यावयाचे असल्यास काही तास अन्न वर्ज्य करण्यास सांगतात. ज्यांचा उपवास चालू आहे त्यांनी ही गोष्ट नोंदणीच्या वेळीच सांगावी, म्हणजे त्यानुसार दिवस ठरविता येतो.

घड्याळ, मोबाईल, बँकेची कार्डे, किल्ल्या, काढता येणारी कवळी, श्रवणयंत्र, केसांतील पिना हे सर्व बाहेर ठेवावे लागते. आपल्याकडील महिलांना मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या उतरविणे जिवावर येते. ‘सोन्याला चुंबक ओढत नाही’ हे म्हणणे खरे आहे. परंतु रेडिओ लहरींमुळे कोणत्याही धातूत विद्युतप्रवाह निर्माण होऊन तो तापू शकतो, म्हणून दागिने उतरविण्याचा आग्रह धरला जातो. घरूनच ते उतरवून ठेवले तर केंद्रावर हरविण्याची चिंता राहत नाही. कमरेचा करदोटा, दंडातील ताईत यांचाही विसर पडू नये.

वस्त्रांच्या बाबतीत एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. पारंपरिक जर म्हणजे धाग्याभोवती गुंडाळलेली चांदीची अथवा तांब्याची बारीक तार होय. जरीकाठी साडी, जरीची किनार असलेला ब्लाऊज, कलाबतूचे काम केलेली ओढणी ही सारी धातू अंगावर असल्यासारखीच. तांबे व चांदी चुंबकाकडे खेचली जात नाहीत, पण ती उत्तम विद्युतवाहक आहेत. घामाचा वास येऊ नये म्हणून हल्ली खेळाच्या बनियनमध्ये व अंतर्वस्त्रांमध्ये चांदीयुक्त धागा विणलेला असतो. तो डोळ्यांना दिसतही नाही. अशा वस्त्रांमुळे त्वचा भाजल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली आहेत. हुक, चेन, धातूची बटणे यांचे तर सांगावयासच नको. यास्तव केंद्राने दिलेला साधा सुती झगा निःसंकोचपणे घालावा. लाजेखातर आतील कपडे तसेच ठेवण्याचा आग्रह धरू नये.

प्रत्यक्ष तपासणी

रुग्णास फळीवर झोपवून तपासावयाच्या भागाभोवती एक साधन बसविले जाते. खुल्या यंत्रात ते पुष्कळदा पट्ट्याप्रमाणे अंगाभोवती येते. कानात बोळे किंवा कानांवर आवरण दिले जाते आणि हाती एक रबरी फुगा अथवा बटण. ते दाबताच तंत्रज्ञ लगेच बोलतो व गरज पडल्यास फळी बाहेर घेतो. हे आधी विचारून एकदा दाबून पाहावे. सुटकेची किल्ली आपल्या हाती आहे, ही जाणीवच निम्मी भीती घालविते. दोन्ही हातांची बोटे एकमेकांत गुंफू नयेत व पाय एकमेकांवर टाकू नयेत. त्वचेला त्वचा लागून वर्तुळ तयार झाल्यास तेथे चटका बसण्याचा संभव असतो.

यानंतर ठकठक, घरघर असे निरनिराळे आवाज सुरू होतात. चुंबकीय क्षेत्रात जलद बदल करणाऱ्या वेटोळ्यांच्या कंपनांचा तो नाद आहे. खुल्या यंत्रात तो बहुधा कमी असतो. तपासणी अनेक तुकड्यांत होते. प्रत्येक तुकडा काही मिनिटांचा असतो आणि त्या वेळात हालचाल झाल्यास तेवढा भाग पुन्हा करावा लागतो. एकूण वेळ तपासणीच्या प्रकारानुसार अर्धा तास ते एक तास किंवा त्याहून अधिक. वेदना मुळीच होत नाहीत. थोडी उष्णता जाणवू शकते. भीती वाटत असल्यास आत जाण्यापूर्वीच डोळे मिटावेत, डोळ्यांवर मऊ कापड ठेवण्यास सांगावे आणि आवाजांबरोबर मनातल्या मनात अंक मोजावेत.

खुल्या यंत्राचा सर्वांत मोठा लाभ यानंतर दिसतो. धातूविषयीची तीच पडताळणी झाल्यावर सोबतच्या व्यक्तीस खोलीत बसण्याची परवानगी पुष्कळ केंद्रांत मिळते. यंत्राची बाजू मोकळी असल्याने आई मुलाचा हात धरू शकते. मुलगा वृद्ध वडिलांच्या नजरेसमोर राहू शकतो. गुंगीच्या औषधाने जे साधावयाचे, ते कित्येकदा या स्पर्शाने साधते.

काही वेळा शिरेतून गॅडोलिनियमयुक्त द्रव टोचावा लागतो. बहुतेकांना तो सोसतो. परंतु मूत्रपिंड अतिशय अशक्त असलेल्या रुग्णांत काही प्रकारच्या द्रवांचा एका गंभीर त्वचाविकाराशी संबंध २००६ मध्ये उघडकीस आल्यापासून त्याबाबत दक्षता घेतली जाते. गुंगीचे औषध घेतले असल्यास त्या दिवशी वाहन चालवू नये आणि सोबत कोणीतरी असावे.

एक इशारा

जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतील एका रुग्णालयात, यंत्र बंद असल्याच्या समजुतीने प्राणवायूचे सिलिंडर एमआरआयच्या खोलीत नेणारा एक तरुण नातेवाईक यंत्राकडे ओढला जाऊन मृत्युमुखी पडला. चुंबक सदैव जागा असतो, ही गोष्ट प्रत्येकाने ध्यानी ठेवावी. चित्र काढणे थांबले, दिवे मालवले, रुग्ण बाहेर आला, तरीही चुंबक चालूच असतो. कायम चुंबकाचे खुले यंत्र तर बंद करताच येत नाही. त्याच्या मोकळ्या, निरुपद्रवी रूपाने फसून चाकाची खुर्ची, सिलिंडर, कात्री किंवा नाणी घेऊन कोणीही आत जाऊ नये. दारावरील कर्मचाऱ्याने अडविले तर तो अपमान न समजता उपकार समजावा.

समारोप

दोन नळ्यांतील पाण्याच्या धूसर चित्रापासून निघालेली ही विद्या अवघ्या पन्नास वर्षांत माणसाच्या मनाची कदर करू लागली, हे तिचे मोठेपण होय. मात्र यंत्राची निवड ही भीतीने किंवा जाहिरातीने नव्हे, तर वैद्यकीय गरजेने व्हावी. तपासणी सुचविणाऱ्या डॉक्टरांना तीन प्रश्न अवश्य विचारावेत : या आजारासाठी खुल्या यंत्राचे चित्र पुरेसे आहे काय? त्या केंद्रातील यंत्राची शक्ती किती टेस्ला आहे? आणि खुले यंत्र पुरेसे नसल्यास ७० सेंटिमीटरचा रुंद बोगदा जवळपास कोठे उपलब्ध आहे? सेवाभावी संस्थांनी निदान केंद्रास साहाय्य करतानाही हेच प्रश्न पुढे ठेवावेत. अन्यथा स्वस्त तपासणी दुसऱ्यांदा करावी लागून रुग्णास ती महागच पडते.

घरातील ज्येष्ठांनी ‘आता या वयात कशाला’ असे म्हणून तपासणी टाळली, तर त्यामागे पुष्कळदा खर्चाची नव्हे, बोगद्याची भीती असते आणि ती बोलून दाखविण्याचा संकोच असतो. अशा वेळी त्यांची समजूत घालण्याऐवजी प्रथम त्यांना त्या भीतीविषयी विचारावे, तपासणीच्या आदल्या दिवशी शक्य असल्यास यंत्र दाखवून आणावे आणि प्रत्यक्ष तपासणीच्या वेळी त्यांच्या सोबत बसावे. यंत्राच्या बाजू शास्त्रज्ञांनी मोकळ्या केल्या आहेत. तेथे हात धरावयास बसणे हे घरच्या माणसांचे काम आहे.